दारावरची बाळंतीण

डिसेंबर जवळ आला की या सदराकडे नाताळचे प्रश्न येतात. यंदा वसईहून आलेलं एक पत्र मला फार आवडलं, म्हणून निम्म्याहून जास्त जागा त्यालाच देते आहे. बाकीच्या वाचकांनी समजून घ्यावं.

प्रश्न (वसईहून, एक वाचक): बाई, माझी मुलगी क्रोएशियात स्प्लिटला नोकरी करते. ऑक्टोबरात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा तिनं आम्हाला जवळच्या ट्रोगीर गावी नेलं. तिथल्या मोठ्या चर्चच्या दारावर येशूच्या जन्माचं कोरीवकाम आहे. मी वसईची, लहानपणापासून घरी नाताळचा गोठा करत आले. म्हणून हौसेनं बघायला गेले आणि गोंधळून परत आले. मरिया चक्क अंथरुणावर आडवी आहे. बाळ तिच्याजवळ गव्हाणीत आहे, आणि खाली पुन्हा एक बाळ आहे, त्याला बाया आंघोळ घालतायत. योसेफ बाजूला बसलाय, जणू त्याचा या सगळ्याशी संबंधच नाही. आमच्या गोठ्यात मरिया आणि योसेफ दोघंही गुडघे टेकून बाळाकडे बघत असतात. यांनी मला विचारलं, "जुळी होती का?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही सांगाल? आणि यंदा नातवंडांसाठी तसाच गोठा करावासा वाटतोय. चालेल का?

उत्तर: ताई, जुळी नाहीत. बाळ एकच आहे, दोनदा दाखवलेलं. वर ते आईजवळ गव्हाणीत निजलंय आणि खाली त्याचंच न्हाणं चाललंय. आपल्याला हे नवं वाटायला नको. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात विश्वंतर राजपुत्राची कथा बघा, एकाच भिंतीवर तोच राजपुत्र पुन्हा पुन्हा भेटतो, आणि आपण त्याला वेगवेगळे राजपुत्र समजत नाही. डोळा पुढे सरकतो तशी वेळ पुढे सरकते. ट्रोगीरच्या दारावर वेळ वरून खाली सरकते, एवढंच.

तुम्ही पाहिलं ते संत लॉरेन्सच्या कॅथेड्रलचं पश्चिमेकडचं दार. ते घडवणाऱ्याचं नाव रादोवान. मध्ययुगातल्या बहुतेक पाथरवटांची नावं आपल्याला माहीत नाहीत, याचं मात्र आहे, कारण त्यानं (किंवा त्याचं काम बघून भारावलेल्या कुणीतरी) शिल्पाच्या खालच्या काठावर लॅटिन ओळी कोरून ठेवल्या आहेत. मी तिथे गेले त्याला आता आठ वर्षं झाली. दुर्बीण लावून, मान मोडेपर्यंत वर बघत, वहीत एकेक अक्षर उतरवून घेतलं. दाराला पुढे पडवी आहे, म्हणून पावसापाण्यापासून ते वाचलं. दुपारी पडवीत सावली दाट होती. ऊन उतरून पश्चिमेकडून तिरपं आत आलं, तेव्हा अक्षरांच्या खाचा एकदम उठून दिसायला लागल्या.

त्या ओळींचा अर्थ थोडक्यात असा : या कलेत सगळ्यांहून नामवंत असलेल्या रादोवानानं, हे या कोरीवकामावरून दिसतंच आहे, ही दारं उभारली. तेव्हा फ्लॉरेन्सहून आलेला टस्कनीचा त्रेग्वान बिशप होता. आणि साल दिलंय ते असं : हजार, दोनशे आणि दोनदा वीस. म्हणजे १२४०. माझी आजी नारळ मोजायची ती "दोन विसा" असंच मोजायची, त्यामुळे ती ओळ वाचताना मला क्षणभर दापोलीच्या अंगणात उभं असल्यासारखं वाटलं.

पण त्याहून महत्त्वाचं या सालाच्या आधी लिहिलेलं आहे. हे वर्ष कशापासून मोजलं? आपण 'इसवी सन' म्हणतो, 'ख्रिस्ताब्द' म्हणतो. रादोवानाच्या दारावर मात्र 'पोस्त पार्तुम' असे शब्द आहेत. पवित्र कुमारीच्या बाळंतपणानंतर. अख्ख्या काळाची मोजणी एका बाईच्या बाळंतपणापासून सुरू होते, असं त्या दगडावर लिहिलेलं आहे. आणि बरोबर त्या ओळीच्या वर ती बाळंतीण आहे.

म्हणून ती आडवी आहे, ताई. बाळंतीण आडवीच असते. ती बाजेवर आहे. दोन्ही बाजूंना पडदे आहेत, सारून ठेवलेले. हे पडदे बघितल्यावर मला सगळं उलगडलं. माझी आजी गावात सुईणपण करायची. बाळंतिणीच्या खोलीला पहिल्यांदा ती काय करायची, तर दारावर जुनं लुगडं टांगायची. वारा लागू नये, नजर लागू नये, पुरुषांनी आत डोकावू नये. रादोवानानं तो पडदा घातला आणि मग आपल्यासाठी सारला. चर्चमध्ये शिरणारा प्रत्येक माणूस, कोळी असो, बिशप असो, त्या खोलीत एकदा डोकावून मगच आत जातो.

आता न्हाण्याबद्दल. बायबलमधल्या जन्मकथेत आंघोळ नाही आणि सुईणही नाही. लूकच्या शुभवर्तमानात आईनं बाळाला कापडात गुंडाळलं आणि गव्हाणीत ठेवलं, इतकंच आहे. सुईण येते ती दुसऱ्या शतकातल्या एका कथेतून. याकोबाच्या नावानं ओळखली जाणारी ही कथा बायबलात घेतलेली नाही, पण पूर्वेकडच्या ख्रिस्ती जगात ती घरोघर माहीत होती. तिच्यात योसेफ मरियेला गुहेत ठेवून सुईण शोधायला बाहेर पडतो. डोंगरावरून उतरणारी एक सुईण त्याला भेटते. ती पुढे सालोमे नावाच्या बाईला घडलेलं सांगते. सालोमेचा विश्वास बसत नाही, ती स्वतः तपासायला जाते आणि तिचा हात जळून गळून पडल्यासारखा होतो. मग बाळाला उचलून घेतल्यावर तो बरा होतो.

आंघोळ मात्र या कथेतही नाही. ती आली ग्रीक आणि रोमन चित्रांतून. तिथे देवांच्या, वीरांच्या जन्माचं चित्र काढायचं तर बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाया काढायच्या, अशी रीतच होती. सायप्रसमध्ये पाफोस इथे चौथ्या शतकातली एक फरशी आहे, रंगीत खड्यांची. तिच्यात डायोनिसस या देवाच्या पहिल्या न्हाण्याची तयारी दिसते. ख्रिस्ती चित्रकारांनी ही रीत उचलली, सुइणीची कथा तिला जोडली, आणि पुढे हजार वर्षं हे न्हाणं येशूच्या जन्माचा भाग होऊन राहिलं. बिझँटिन, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती साम्राज्यातल्या, चित्रांत तर पुष्कळदा एक बाई भांड्यात पाणी ओतत असते आणि दुसरी, मांडीवर बाळ घेऊन, पाण्यात हात घालून ऊन किती आहे ते बघत असते. तो पाण्यात बुडवलेला हात बघा कधीतरी. ज्यानं तो पहिल्यांदा काढला त्यानं खरं न्हाणं जवळून पाहिलेलं असणार. माझी आजी पाटावर पाय लांब करून बसायची, बाळ पायांवर पालथं घ्यायची आणि पाण्याचा पहिला तांब्या स्वतःच्या पायावर ओतून बघायची.

सुइणी सगळ्यांना पटत होत्या असं नाही. संत जेरोम, ज्यांनी बायबल लॅटिनमध्ये आणलं, त्यांनी ३८३ च्या सुमारास निक्षून लिहिलं की तिथे सुईणबिईण कुणी नव्हतं. तिनं स्वतःच बाळाला गुंडाळलं, आई तीच आणि सुईणही तीच. इतक्या मोठ्या माणसाचा शब्द. तरीही त्यानंतर साडेआठशे वर्षांनी रादोवान घंगाळासारखं भांडं कोरतो आणि त्याभोवती बाया बसवतो. माझं मत विचाराल तर पाथरवटाचं बरोबर होतं. देव माणूस झाला हे दगडात दाखवायचं कसं? तेजोवलय तर त्याआधीही त्याला होतंच. ज्याला तेल लावावं लागतं, ऊन पाणी घालावं लागतं, पुसून गुंडाळावं लागतं, तो देह. धर्मपंडित याच न्हाण्यात पुढच्या बाप्तिस्म्याची खूण बघतात, तेही खरं. पण आधी ती आंघोळ आहे.

योसेफ रुसलेला नाही. तो विचारात आहे, आणि हेही जुनं ठरलेलं बसणं आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात मरियेला दिवस गेल्याचं कळल्यावर तिला गुपचूप सोडून द्यावं असं त्याच्या मनात येतं, मग स्वप्नात देवदूत येऊन त्याची समजूत घालतो. तो घोर त्याच्या बसण्यात ठेवलेला आहे. शिवाय त्याला लांब बसवण्यात शिल्पकार एक गोष्ट न बोलता सांगतो : हा पालनकर्ता आहे, जन्मदाता नाही. आणि मला आणखी एक वाटतं, ते कुठे लिहिलेलं नाही. बाळंतिणीच्या घरातला बापमाणूस असाच बसतो. आत बायांची धावपळ चाललेली असते, त्याला कुणी काम सांगत नाही, आणि तो ओसरीवर बसून राहतो.

उरलेल्या कोपऱ्यांत एकीकडे मेंढपाळ आणि दुसरीकडे घोड्यांवरून येणारे तीन राजे आहेत, ते तुम्ही ओळखलेच असतील. पण उतरताना तुमची नजर दाराच्या दोन्ही बाजूंना गेली का? सिंहांच्या पाठीवर उघडे आदाम आणि हव्वा उभे आहेत. उत्पत्तीच्या पुस्तकात हव्वेला शाप मिळतो की तू वेदना सोसून मुलं प्रसवशील. खाली ती हव्वा, आणि वर दुसरी आई अंथरुणावर शांत पडलेली. दारातून जाताना माणूस या दोघींच्या मधून जातो. आणि आतल्या खांबांवर वर्षाचे महिने आहेत, म्हणजे त्या त्या महिन्याची कामं : एक जण डुक्कर कापतोय, एक जण चुलीपाशी बसून हिवाळा काढतोय. मला ती चूल आणि वरचं घंगाळ एकाच घरातली वाटतात.

जाता जाता एक. हे दार घडल्यावर दोनच वर्षांनी, १२४२ मध्ये, मंगोलांपुढून पळालेला हंगेरीचा राजा चौथा बेला याच ट्रोगीरच्या आसऱ्याला आला होता. टाक्यांचे घाव तेव्हा अजून ताजे असतील.

आता तुमच्या गोठ्यातली मरिया गुडघ्यांवर कशी आली. स्वीडनची संत ब्रिजिता १३७२ मध्ये बेथलेहेमला यात्रेला गेली. तिथे तिला जन्माचा साक्षात्कार झाला. तिनं पाहिलं की मरियेनं पायांतले जोडे काढले, अंगावरचा झगा उतरवला, गुडघे टेकून प्रार्थना केली, आणि एका क्षणात बाळ जमिनीवर होतं, त्याच्या अंगातून प्रकाश येत होता. कळा नाहीत, सुईण नाही, बाज नाही. या वर्णनानं चित्रकारांवर एवढी छाप पाडली की पुढच्या शंभर वर्षांत पश्चिम युरोपातली मरिया अंथरुणावरून उठली आणि हात जोडून गुडघ्यांवर बसली. तीच पुढे गोव्याला आणि तुमच्या वसईला पोहोचली. ब्रिजितेबद्दल एक गोष्ट मी नेहमी माझ्या विद्यार्थिनींना सांगायची : या बाईची स्वतःची आठ बाळंतपणं झाली होती. आठ वेळा ज्यातून गेली, ते सगळं त्या साक्षात्कारात तिनं मरियेसाठी बाजूला ठेवलं. मला त्यात फार मोठी माया दिसते. तरी मी रादोवानाच्या बाजूची आहे. गुडघे टेकलेली मरिया आपल्याला प्रार्थना कशी करावी ते दाखवते. आडवी मरिया दमलेली आहे, आणि तिला कुणीतरी निजू देतंय.

गोठ्याचं उत्तर शेवटी देते.

प्रश्न (नागपूरहून, निवृत्त शिक्षक): बायबलमध्ये जन्माच्या कथेत बैल आणि गाढव नाहीत असं वाचलं. मग प्रत्येक शिल्पात ते कसे?

उत्तर: बरोबर वाचलंत, सर. लूकनं गव्हाण सांगितली, जनावरं सांगितली नाहीत. ती आली बायबलमधल्याच, पण येशूच्या आधीच्या, यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातून. तिथे देव तक्रार करतो की बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव आपल्या मालकाची गव्हाण ओळखतं, माझ्या लोकांना मात्र मी कळत नाही. गव्हाण म्हटल्याबरोबर जुन्या वाचकांना हे वचन आठवलं आणि बैल-गाढव गोठ्यात शिरले. ते इतके आधी शिरले की आईबापांच्याही आधी. मिलानला संत अम्ब्रोज यांच्या चर्चमध्ये चौथ्या शतकाच्या अखेरची एक दगडी शवपेटी आहे. तिच्या झाकणाच्या टोकाशी गुंडाळलेलं बाळ आहे, एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला गाढव. मरिया नाही, योसेफ नाही. ज्यांनी ओळखलं ते दोघंच तिथे आहेत.

प्रश्न (कोल्हापूरहून, शिल्पकलेचा विद्यार्थी): मॅडम, पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीवर फ्रान्सला जायची संधी आहे. येशूजन्माचं कोरीवकाम असलेली कुठली दारं चुकवू नयेत?

उत्तर: पहिलं शार्त्र. पॅरिसहून रेल्वेनं साधारण तासाभराचा रस्ता. कॅथेड्रलच्या पश्चिमेला तीन दारं आहेत, त्यांना राजद्वार म्हणतात. ही सुमारे ११४५ ते ११५५ या काळातली. ११९४ च्या आगीत मागचं जवळजवळ सगळं चर्च जळालं, ही दारं उरली. तू समोर उभा राहिलास की तुझ्या उजव्या हाताचं दार बघ.

दाराच्या डोक्यावर आधी एकावर एक दोन आडव्या पट्ट्या आणि त्यांच्यावर टोकदार कमानीत बसवलेला मोठा दगड. आपल्याकडे देवळाच्या दारावरचं ललाटबिंब बघून आत कुठला देव आहे ते कळतं, तसंच हे समज. सगळ्यात खालच्या पट्टीत मरिया बाजेवर आडवी आहे. बाळ तिच्या वर आहे, पण गव्हाण गव्हाणीसारखी नाहीच. सपाट, चौकटीची, एखाद्या चौरंगासारखी. जनावरांची तोंडं आता झिजून तुटून गेलीत. त्याच्या बरोबर वर, दुसऱ्या पट्टीत, तेच बाळ मंदिरात अर्पण करायला आणलंय, आणि ते वेदीवर उभं आहे. त्याच्या बरोबर वर ते आईच्या मांडीवर राजासारखं बसलंय. तीन बाळं, एका ओळंब्यात. ओळंबा सोडून बघ, म्हणजे खालची गव्हाण सपाट का केली ते कळेल : ती आधीपासूनच वेदी आहे. बेथलेहेम या नावाचा हिब्रूत अर्थ भाकरीचं घर. जनावरं जिथे खातात तिथे बाळ ठेवलं, आणि त्या दारातून आत गेलेला माणूस येशूचा देह मानलेली वेदीवरची भाकर खाणार. सगळा विचार दगडाच्या मांडणीत आहे, एक अक्षर न कोरता. विद्यार्थी म्हणून तुला हे शिकायचंय. आकृती सुंदर काढणारे पुष्कळ असतात, पण कुठली आकृती कुणाच्या डोक्यावर ठेवायची याचा विचार करणारे थोडे.

याच पट्टीत उजवीकडे मेंढपाळ आहेत, वाद्य वाजवणारे, पायांशी मेंढरं. आणि वर कमानीत विद्यांच्या मूर्ती आहेत. त्यांतली व्याकरणविद्या शोध : हातात छडी घेतलेली बाई, पायांशी दोन पोरं, एक दुसऱ्याचे केस ओढतंय. चाळीस वर्षं शिकवलेल्या मला ती बाई फार जवळची वाटते.

शार्त्रला जन्माला एवढं महत्त्व का, याला कारण आहे. टकल्या चार्ल्स या राजानं ८७६ च्या सुमारास इथे मरियेचं वस्त्र दिलं. येशूच्या जन्मावेळी ते तिच्या अंगावर होतं, अशी श्रद्धा. यात्रेकरू त्या कापडासाठी येत. म्हणजे त्या दारातून बाळंतिणीचं वस्त्र बघायला माणसं आत जात होती, आणि दारावर ती बाळंतीण होती.

आतही एक गोष्ट विचारून बघ. १३ व्या शतकात वेदीपुढे एक कोरीव दगडी भिंत होती, ती १७६३ मध्ये पाडली. तिचे काही तुकडे पुढे चर्चच्या फरशीखाली सापडले. त्यांतल्या एकावर जन्माचा प्रसंग आहे, आणि मध्ययुगातलं माझं सगळ्यात लाडकं शिल्प तेच. मरिया आडवीच आहे, पण राजद्वारावरच्यासारखी ताठ नाही. ती बाळाकडे वळलीय, हात लांब करून त्याच्या अंगावरचं कापड हलकेच सारखं करतेय. बोटं कापडाला जेमतेम लागलीत. राजद्वारापासून या हातापर्यंत शंभर वर्षंही गेलेली नाहीत. या दोन दगडांची रेखाटनं एकाच दिवशी, एकाच वहीत, समोरासमोरच्या पानांवर कर. युरोपच्या शिल्पात त्या काळात काय बदललं ते तुझ्या हाताला कळेल.

दुसरं पॅरिस. २०१९ च्या आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये नोत्र दाम पुन्हा उघडलं. आगीत छत आणि मनोरा गेला, दारं वाचली. पश्चिमेला उजवीकडचं संत अन्नेचं दार बघ. त्यातल्या वरच्या पट्टीत जन्म आहे, १२ व्या शतकाच्या मध्यातला, आजच्या दर्शनी भिंतीहून जुना. आधीचं काम जपून नव्या दारात बसवलं. मग वळसा घालून उत्तरेच्या दाराकडे जा. तिकडे फार कुणी जात नाही. ते साधारण १२५० चं. पट्टीत जन्म, मंदिरातलं अर्पण, हेरोद राजानं केलेली बाळांची कत्तल, इजिप्तला पलायन, असं सगळं बालपण ओळीनं आहे. आणि खाली, दोन फळ्यांच्या मधल्या खांबावर, मरियेची उभी मूर्ती आहे. फ्रेंच राज्यक्रांतीत या चर्चच्या दारांवरच्या मोठ्या मूर्ती फोडल्या गेल्या, ही तेवढी जागेवर राहिली. पण कडेवरचं बाळ गेलं. कंबर अजून त्या बाजूला कललेली आहे, मूल कडेवर घेतलं की कलते तशी. चेहरा अजून त्याच्याकडे बघतोय. वर पट्टीत बाळ आहे, खाली हात रिकामे आहेत. तिथे घाई करू नकोस.

एक सूचना. फोटो काढ, पण आधी रेखाटन कर. आणि दुर्बीण ने, ही दारं उंचावर असतात.

प्रश्न (मुलुंडहून): ही शिल्पं सुरुवातीपासून अशीच पांढुरकी होती का?

उत्तर: नाही. ती रंगवलेली असत, कपडे निळे-तांबडे, सोन्याच्या कडा. उन्हापावसानं आणि पुढच्या साफसफाईनं रंग गेले. उत्तर फ्रान्समध्ये आमियाँच्या कॅथेड्रलची दारं १९९० च्या दशकात लेझरनं साफ केली, तेव्हा दगडाच्या खाचांत जुन्या रंगाचे कण मिळाले. आता तिथे उन्हाळ्यात रात्री त्या शिल्पांवर रंगीत प्रकाश टाकून जुनं रूप दाखवतात. प्रत्यक्ष जुना रंग बघायचा असेल तर स्वित्झर्लंडमधल्या लोझानला जा. तिथल्या कॅथेड्रलच्या दक्षिण दारावर १३ व्या शतकातल्या रंगाचा बराच भाग टिकला आहे, त्याला रंगीत दार म्हणूनच ओळखतात. ट्रोगीरचा दगडही पूर्वी काळवंडला होता. आता स्वच्छ झाल्यामुळे त्यावरचे टाकीचे घाव नीट दिसतात.

आता वसईच्या ताईंचा गोठा.

चालेल का म्हणून विचारता? ताई, तुम्ही कराल तो जुन्याहून जुना गोठा असेल. संत फ्रान्सिसनी १२२३ मध्ये ग्रेच्चो गावी नाताळच्या रात्री गव्हाण मांडली, तिच्यात पेंढा घातला, खरा बैल आणि खरं गाढव आणून बांधलं आणि तिथे मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, झाला. घरोघरच्या गोठ्यांचा उगम त्या रात्रीत सांगतात. त्याला सतराच वर्षं झाली होती तेव्हा रादोवान आपलं दार संपवत होता. म्हणजे त्या वेळी गोठ्यातली मरिया कुणी डोळ्यांपुढे आणली असेल तर ती बाजेवरच आणली असेल.

बाजारात आडवी मरिया मिळणार नाही, मातीची करावी लागेल. पणत्या करणाऱ्या कुंभाराकडून माती आणा. आधी बाज करा, काड्यांची, सुतळीनं विणलेली, मग तिच्या मापानं मरिया करा. डोकं थोडं उंचावर, एका कुशीवर, चेहरा बाळाकडे किंवा आपल्याकडे, तुम्हाला रुचेल तसा. बाळाला फडक्यात घट्ट गुंडाळा, हात बाहेर नकोत. दोन बाजूंना दोन काड्या रोवून त्यांवर जुन्या लुगड्याची पट्टी टाका आणि नातवंडांना सांगा की चोवीस तारखेच्या रात्रीपर्यंत ती ओढलेली ठेवायची, मग सारायची. योसेफाला जरा लांब, दगडावर बसवा. दुसरं बाळ केलंत तर ते उघडं करा, म्हणजे मुलांना ते न्हाणीतलं म्हणून कळेल. भांड्याला पितळी निरांजन चालेल, आणि पाणी खरंच घाला, कोमट. घालण्याआधी धाकट्या नातवंडाला त्यात बोट बुडवून बघू दे.

गोठा झाला की फोटो नक्की पाठवा. जानेवारीच्या अंकात छापू.